सामानापाशी कोण बसणार?

आमच्या ग्रुपची सहल ठरते ती जेवणाच्या ताटावर, आणि पहिला प्रश्न कुठे जायचं हा नसतो. तिथे किचन आहे का, हा असतो. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला येऊन इतकी वर्षं झाली, मुलं इथेच जन्मली, पण कुकर कुणी आणायचा आणि तवा कुणी हे ठरल्याशिवाय आमच्या गाडीचं चाक हलत नाही. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी माझ्या मैत्रिणीकडे आपापला पदार्थ घेऊन पॉटलकला जमलो होतो. दोनच कुटुंबं, ते आणि आम्ही. जानेवारीतल्या लाँग वीकेंडला टाहोच्या डोंगरातल्या एका स्कीइंगच्या गावी जायचं चाललं होतं. मैत्रिणीचा नवरा लॅपटॉपवर भाड्याची घरं दाखवत होता आणि मैत्रीण बेडरूमचे फोटो ढकलून थेट ओट्यापाशी जाऊन पोचत होती.

"हे बघा, सहा बर्नर! आणि गॅस आहे, इलेक्ट्रिक नाही!"

झालं, घर ठरलं. स्कीइंगचा उतार त्या घरापासून कुठे, मधला रस्ता कसला, हे पाहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फोडणी गॅसवर बसणार याचा आनंद एवढा मोठा होता. मग शनिवारी पावभाजी, रविवारी मसालेभात, पोळ्या करून न्यायच्या की तिथे लाटायच्या, यावर तासभर चर्चा झाली. ती संपल्यावर स्कीइंगचे क्लास ठरले. माझ्या नवऱ्याचा, आमच्या दहा वर्षांच्या मुलीचा, आणि त्यांच्याकडच्या सगळ्यांचा.

माझा नाही. मी सामानापाशी बसते. बर्फात जायचं म्हणजे जॅकेटं, जास्तीचे हातमोजे, थर्मास, डबे, कोरडे मोजे यांचा ढीग, आणि त्या ढिगापाशी एक बाई लागतेच. पहिल्या वर्षी मुलगी पोटात होती म्हणून बसले. पुढच्या वर्षी ती मांडीवर होती म्हणून बसले. मग बसायची सवय पडली आणि सामानापाशी कोण बसणार हे कुणी विचारेनासं झालं. त्याचं मला फार दुःख होतं असंही नाही. मी पुस्तक नेते, चहा पिते आणि लोक कसे आपटतात ते बघते. चांगली चालत आलेली माणसं आपटताना बघण्यात एक समाधान असतं, ते मी नाकारणार नाही.

"या वेळी तर बरंच झालं," मैत्रीण म्हणाली. "काकू आहेत. काकू घरी थांबतील, आपण दमून आलो की गरमगरम जेवायला..."

काकू म्हणजे माझ्या सासूबाई. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत जाणार होत्या. त्या कोपऱ्यात बसून कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी घरी नाही थांबणार बाप्पा. मलाही शिकायचं आहे नं ते."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की बाई खरंच बोलताहेत.

"अगं आई," माझा नवरा म्हणाला, "ते चालण्यासारखं नसतं. पडलीस आणि हाड मोडलं म्हणजे? तुझा इन्शुरन्स व्हिजिटरचा आहे, त्यात काहीही कव्हर होत नाही. पुढच्या वेळी बघू."

"पुढल्या वेळचं पुढल्या वेळी. गुडघे आत्ता चालून राहिले आहेत माझे. आणि पडली तर उठीन."

पुढची वेळ येणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मार्चमध्ये नागपूरला धाकट्या दिरांकडे बाळ येणार होतं. दीर-जाऊ दोघंही नोकरीवाले. बाळ सांभाळायचं कुणी, हे तिथेही कुणी विचारलं नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. म्हणजे पुढची चार-पाच वर्षं सासूबाई नागपूर सोडणार नव्हत्या. बर्फात उभं राहायचं तर याच जानेवारीत, नाहीतर मग कायमचं राहूनच गेलं असतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून, तर आमच्या घराजवळच्या पार्कमधून. तिथे रोज सकाळी एक चिनी आजी यायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, सासूबाईंना चिनी येत नाही, पण दोघींची घट्ट मैत्री झाली होती. फोनमधले फोटो एकमेकींना दाखवायचे आणि मान डोलवायची, एवढ्यावर त्या बाकावर तासभर गप्पा चालत. एक दिवस त्या आजींनी आपला स्कीइंगचा फोटो दाखवला. पांढऱ्याशुभ्र उतारावर गुडघे वाकवून उभ्या, तोंडभर हसू. सासूबाई घरी आल्या त्या थेट माझ्यापाशी. "माझ्याच वयाची आहे गं ती. तिला जमते तर मला काहून नाही जमणार?"

मला सासूबाईंचं कौतुक आहे, आणि ते मी उघड सांगते. सुनेने सासूचं कौतुक केलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे संशयाने बघतात, तर बघोत. मामंजी अचानक गेले तेव्हा सासूबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. तोवर मामंजींच्या स्कूटरवर मागे बसून गेलेल्या. दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी तीच स्कूटर बाहेर काढली, भल्या सकाळी मैदानावर नेली आणि शिकल्या. दोन्ही कोपरं फोडून घेतली. शेजारचे लोक गच्चीतून बघायचे, काही हसायचेही. "हसू दे नं," असं म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जायच्या. नवऱ्याने ही गोष्ट मला लग्नाआधी सांगितली होती, मोठ्या अभिमानाने. म्हणून त्या रविवारी घरी येताना गाडीत मी त्याला म्हटलं, "स्कूटर शिकणारी आई तुला चालते, फक्त ती गोष्टीत असली पाहिजे. होय ना?"

सिग्नलला त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, "यार, मला भीती वाटते. बाबांच्या वेळी मी तिथे नव्हतो." पण त्याच आठवड्यात त्याने आईला डॉक्टरकडे नेलं आणि तिथून परत आल्यावर न बोलता तिचं नाव क्लासला घातलं.

मग आमच्या अपार्टमेंटमध्ये तयारी सुरू झाली. सासूबाई पोळ्या लाटायच्या त्या गुडघे वाकवून. भात शिजेपर्यंत भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसायच्या, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारख्या. लिफ्ट वापरणं त्यांनी बंद केलं. मुलीने त्यांना व्हिडिओ लावून दिले. इथे लहान मुलांना थांबायला शिकवताना पिझ्झा करा म्हणतात, म्हणजे पायांची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब. मुलगी हॉलमध्ये टाळ्या वाजवत ओरडायची, "आजी, मेक अ पिझ्झा! बिगर! बिगर!" आणि आजी मोजे घालून लाकडी जमिनीवर घसरत पिझ्झा करायच्या.

बूट माझेच वापरायच्या. आमच्या दोघींचा पाय एका मापाचा. आल्यापासून माझे चालायचे बूट दारातून गायब असायचे आणि संध्याकाळी परत यायचे ते मातीने भरून. सुरुवातीला मी जराशी धुसफुसले, मग दुसरे घेऊन आले, तर त्या तेही घालू लागल्या. आता बर्फात घालायची पँट हवी म्हणून मी कपाटातून माझी काढून दिली.

"ही कुणाची?"

"माझीच."

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "याला तर अजून लेबल आहे."

"आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात घेतली होती. मग राहून गेलं."

त्यांनी लेबल कात्रीने कापलं आणि चहा टाकायला गेल्या.

जानेवारीतला तो शुक्रवार आला. दोन गाड्या, दोन कुकर, एक तवा, आणि एका लहान गावाला पुरेल एवढा चिवडा. संध्याकाळी पोचलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. घर सुंदर होतं. किचन तर इतकं मोठं की त्यात मुंज लागली असती. मैत्रिणीने सगळे बर्नर पेटवून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

शनिवारी सकाळी उठलो तर गाड्या दिसत नव्हत्या, नुसते दोन पांढरे उंचवटे होते. मैत्रिणीच्या नवऱ्याने फोनवर रस्ता पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. आमचं घर होतं डोंगराच्या एका अंगाला आणि स्कीइंगचं गाव दुसऱ्या अंगाला. मध्ये घाट. वरून बर्फ कोसळण्याची भीती म्हणून घाट बंद केला होता. गावातच राहिलो असतो, चुलीचं तोंड न बघता, तर उतारापर्यंत चालत गेलो असतो. शेकडो मैल गाडी चालवून येऊन आम्ही फोडणीसाठी डोंगराच्या चुकीच्या बाजूला येऊन बसलो होतो.

"किचन तर मस्त आहे ना," मैत्रिणीचा नवरा म्हणाला. कुणीही हसलं नाही.

शनिवार गेला. रविवारीही घाट उघडला नाही. मुलांचं काही अडलं नव्हतं, त्यांनी अंगणात बर्फाचे गोळे करून एकमेकांना बदडलं. आम्ही पावभाजी केली, मसालेभात केला, थालीपिठं लावली, आणि खाऊन खाऊन जड झालो. मला मात्र संताप आवरत नव्हता. कढई घासतानासुद्धा मी ती आपटत होते. सासूबाई खिडकीपाशी बसून बाहेर बघत होत्या. मी शेजारी जाऊन बसले तर म्हणाल्या, "बर्फ पाहिला नं मी. एवढा बर्फ कुठे पाहायला मिळते. पुष्कळ झालं." त्यांच्या हातातला चहा गार झाला होता. चहा गार होऊ देणारी ही बाई नव्हे. मला गलबलून आलं, आणि त्या माझी समजूत घालताहेत याचा तर फारच राग आला.

सोमवारी सकाळी घाट उघडला. पण तो आमचा परतीचा दिवस होता. मंगळवारी शाळा, ऑफिस. मैत्रिणीचं म्हणणं, ट्रॅफिक लागायच्या आत निघू या. ते चूक नव्हतं. नवऱ्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, नेक्स्ट टाइम. पक्का."

"हो नं. चालते," सासूबाई म्हणाल्या, आणि कुकर टॉवेलमध्ये गुंडाळायला लागल्या.

तो कुकर पाहिला आणि माझं डोकं फिरलं. "सामान गाडीत टाका," मी म्हटलं, "पण आमची गाडी घरी जाणार नाही. घाटातून जाणार आहे. मी उद्या सुट्टी टाकते. शाळेला मी मेल करते. आणि कुकर तुम्ही घेऊन जा, आम्हाला नको." माझा आवाज बराच चढला असावा, कारण मुलं बर्फ टाकून दारात येऊन उभी राहिली. नवरा बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना साखळ्या बांधायला खाली बसला. मैत्रीण उरलेल्या दशम्या माझ्या पिशवीत कोंबून म्हणाली, "काकू, व्हिडिओ पाठवा हं मला."

त्या दिवशीचे सकाळचे क्लास भरले होते. दुपारी एक तास मोकळा होता, फक्त एकाच माणसासाठी. आम्ही घेतला.

बूट आणि स्की भाड्याने देतात तिथे काउंटरवरच्या पोराने वय विचारलं, उंची विचारली, मग वजन विचारलं. बूट स्कीला किती घट्ट अडकवायचा हे वजनावर आणि वयावर ठरतं. सासूबाईंनी आपलं वजन खणखणीत आवाजात सांगितलं. मी शरमेने इकडेतिकडे पाहिलं, कारण नेमकं तेवढंच माझं होतं, आणि ते मी आजवर नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं.

शिकवायला आलेली बाई साठीच्या आसपासची होती, उन्हाने रापलेली, मितभाषी. तिने सासूबाईंचे गुडघे वाकलेले पाहिले आणि भुवया वर केल्या. पोळ्या कामाला आल्या होत्या. मी नेहमीसारखी बाकावर सामानापाशी बसले. नवरा कडेला उभा राहून फोनवर व्हिडिओ काढत होता. नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून सासूबाई वर गेल्या. खाली यायला वळल्या आणि आपटल्या.

नवरा धावला. त्यांनी लांबूनच हात दाखवून त्याला थांबवलं. उठायला त्यांना वेळ लागला. एक पाय सरळ केला की दुसरा निसटायचा. शिकवणाऱ्या बाईने मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि तिनेही तो मागे घेतला, हे मला फार आवडलं. शेवटी उठल्या. पुन्हा आपटल्या. पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा मात्र त्या खाली येऊ लागल्या, हळूहळू, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात पुढे धरून. मुलगी जिवाच्या आकांताने ओरडत होती, "पिझ्झा, आजी, पिझ्झा!" आणि आजींनी पिझ्झा केला आणि माझ्या बाकाच्या समोर येऊन थांबल्या. चक्क थांबल्या. मी रडत होते. नवराही रडत होता. त्या मात्र मागे वळून तो उतार बघत होत्या, आपण तिथूनच आलो याची खात्री करून घेतल्यासारख्या.

मग आणखी दोनदा गेल्या. दोन्ही वेळा न पडता. तास अजून अर्धाही संपला नव्हता. त्या बाकापाशी आल्या, धपकन माझ्या शेजारी बसल्या आणि बुटांचे खटके उघडू लागल्या.

"काय झालं आई? पाय दुखतोय?"

"नाही. बूट काढ तुझे."

मला कळेना. त्यांनी एक बूट ओढून काढला आणि माझ्या पायापाशी ठेवला.

"अहो आई, हा तास तुमचा आहे!"

"माझा आहे नं? मग कुणाला द्यायचा ते मी ठरवीन." मग नातीला म्हणाल्या, "त्या टीचरला सांग, आता हिला शिकव म्हणा."

मुलीने सांगितलं. शिकवणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं, खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि विचारलं, वजन किती? नवरा शेजारीच उभा होता. मी म्हटलं, सेम. वय ऐकून तिने स्कीवरचा स्क्रू जरासा फिरवला.

"पण माझी पँट तुम्ही घातली आहे," मी म्हटलं. "माझी जीन्स आहे, ओली होईल."

"वाळेल."

बूट माझ्या पायात बसला. आतून अजून त्यांच्या पायाने गरम होता. मी उभी राहिले. एवढी वर्षं मी लोकांना पडताना बघत होते, आता बघायला सासूबाई होत्या. मी मागे वळून त्या ढिगाकडे पाहिलं, जॅकेटं, थर्मास, दशम्यांची पिशवी. सासूबाईंनी ती पिशवी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली आणि थर्मासचं झाकण उघडलं.

"तिकडे नको पाहू," त्या म्हणाल्या. "जा नं. सामानापाशी मी बसते."